मधुमेहींच्या सीरममधली प्रोटीएज इनहिबिटरची क्रिया: मोजायची कशी आणि आकडा वाचायचा कसा?

गोदाकाठ

सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) द्यायचा हंगाम आला की 'टाइप २ मधुमेहात सीरम अँटिट्रिप्सिन क्रिया' हा विषय हमखास निघतो. म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठच असल्यामुळे नाशिकच्या पोरांना तर तो तोंडपाठ आहे. रसायनं फार महाग नाहीत, साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरतो आणि नमुने ओपीडीत मिळतात, म्हणून काम सोपं वाटतं. निकाल मात्र गोंधळाचे येतात. छापलेल्या अभ्यासांतही काही ठिकाणी मधुमेहींची क्रिया कमी दिसते, काही ठिकाणी निरोगी लोकांइतकीच, तर काही ठिकाणी वाढलेली.

प्रोटीएज म्हणजे प्रथिनं तोडणारं एन्झाइम, ट्रिप्सिन त्यातलंच एक; त्याला अडवतो तो इनहिबिटर. माझं म्हणणं एवढंच आहे की इनहिबिटर *किती* आहे आणि तो *काम किती करतो*, ही दोन मोजमापं एकाच नमुन्यावर झाली नाहीत तर निकालाला अर्थ नाही. मधुमेहात या दोन गोष्टी उलट दिशांना जातात. साखर आणि ऑक्सिडेशन यांमुळे प्रत्येक रेणूची ताकद घटते, तर अंगात मुरलेल्या सौम्य दाहामुळे यकृत जास्त रेणू बनवतं. सीरम ट्रिप्सिनला किती अडवतं हे बघणारी चाचणी या दोन्हींचा गुणाकार दाखवते. गुणाकार नॉर्मल आला म्हणजे आतलं सगळं नॉर्मल, असं होत नाही.

थोडक्यात पात्रपरिचय. रक्तातल्या एकूण ट्रिप्सिनविरोधी क्रियेचा मोठा वाटा अल्फा-१ अँटिट्रिप्सिनचा, पुढे त्याला एएटी म्हणू. ३९४ अमिनो आम्लं, वजन सुमारे ५२ किलोडाल्टन, मुख्यतः यकृतात तयार होतं, रक्तात ०.९ ते २.० ग्रॅम प्रति लिटर, अर्धायुष्य ४ ते ५ दिवस. नाव ट्रिप्सिनचं असलं तरी शरीरातलं त्याचं खरं काम न्यूट्रोफिलमधल्या इलास्टेजला आवरण्याचं. १९६३ मध्ये स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांनी त्याची जन्मजात कमतरता दाखवली, तीही इलेक्ट्रोफोरेसिसच्या कागदावर अल्फा-१ चा पट्टा गायब दिसल्यावरून. दुसरं पात्र अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिन. ७२० किलोडाल्टनचं हे धूड प्रोटीएजला मारत नाही, पिंजऱ्यात धरतं. याशिवाय अँटिथ्रॉम्बिन आणि पीएआय-१ आहेत. ते रक्त गोठण्याच्या आणि गुठळी विरघळण्याच्या बाजूचे, त्यांना वेगळ्या नळ्या आणि वेगळ्या चाचण्या लागतात.

कृती ज्यांच्या हातात बसली आहे त्यांनी ती लिहावी, नंतर चर्चा करू.

---

पिपेटवाला

लिहितो. हीच पद्धत थोड्याफार फरकाने सगळीकडे चालते.

बफर: ट्रिस ५० मिलिमोलर, कॅल्शियम क्लोराइड २० मिलिमोलर, पीएच ८.२. एक लिटरला ट्रिस बेस ६.०६ ग्रॅम आणि कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट २.९४ ग्रॅम. पीएच हायड्रोक्लोरिक आम्लाने २५ अंशांवर जुळवा. ट्रिसचा पीएच दर अंशाला साधारण ०.०३ ने उतरतो, त्यामुळे ३७ अंशांवर हाच बफर ७.८५ च्या आसपास असतो. त्याने बिघडत नाही, फक्त प्रत्येक बॅच एकाच तापमानावर जुळवा. कॅल्शियम गाळू नका. ट्रिप्सिन स्वतःलाच चिरत बसतं, ते कॅल्शियममुळे मंदावतं.

सब्स्ट्रेट (ट्रिप्सिन जे तोडतं ते रसायन): बापना, म्हणजे बेंझॉइल-डीएल-आर्जिनिन-पी-नायट्रोॲनिलाइड हायड्रोक्लोराइड. ४३.५ मिग्रॅ आधी १ मिलि डीएमएसओमध्ये पूर्ण विरघळवा, मग ३७ अंशांच्या बफरमध्ये ढवळत ढवळत थेंबाथेंबाने सोडून १०० मिलि करा. हे झालं १ मिलिमोलर. रोजचं रोज बनवायचं. यातला फक्त एल-रूपाचा अर्धा भाग ट्रिप्सिन तोडतं. तुटला की पिवळं पी-नायट्रोॲनिलिन सुटतं, तोच रंग मोजायचा.

ट्रिप्सिन: बैलाच्या स्वादुपिंडाचं, १ मिग्रॅ प्रति मिलि, १ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, बर्फात. वापरायच्या ऐन वेळी बफरने ५० पट पातळ करा म्हणजे २० मायक्रोग्रॅम प्रति मिलि होईल. पातळ केलेलं अर्ध्या तासाच्या आत संपवा.

सीरम: ५० मायक्रोलिटर सीरम बफरने ५ मिलि, म्हणजे १०० पट. थेट ५ मायक्रोलिटर उचलायच्या फंदात पडू नका, बहुतेक पिपेटची तिथे गफलत होते.

आता नळ्या. पातळ सीरम ०.५ मिलि + ट्रिप्सिन ०.५ मिलि, ३७ अंशांवर १० मिनिटं. मग गरम केलेला बापना १ मिलि, बरोबर १० मिनिटं. मग ३० टक्के ॲसेटिक ॲसिड ०.५ मिलि, क्रिया थांबली. वाचन ४१० नॅनोमीटरवर. 'ट्रिप्सिन-नळी'त सीरमऐवजी बफर. ब्लँकमध्ये सगळं तेच, पण ॲसिड *आधी* आणि बापना *नंतर*. प्रत्येक नमुन्याचा स्वतःचा ब्लँक हवा, फक्त रसायनांचा एकच ब्लँक पुरत नाही. मधुमेहींमध्ये ट्रायग्लिसराइड वाढलेलं दुधाळ सीरम नेहमीचं, आणि फुटलेल्या रक्तपेशींचं हिमोग्लोबिन नेमकं ४१५ च्या जवळच शोषण करतं.

हिशेब: समजा ट्रिप्सिन-नळी ०.४०, नमुना ०.२४ (दोन्ही ब्लँक वजा करून). फरक ०.१६, म्हणजे ४० टक्के अवरोध. पी-नायट्रोॲनिलिनचा शोषणगुणांक ४१० वर ८.८ प्रति मिलिमोलर धरला तर ०.१६ ÷ ८.८ × २.५ मिलि = ०.०४५ मायक्रोमोल, १० मिनिटांत. मिनिटाला ०.००४५. त्याला ०.००५ मिलि सीरमने भागलं की ०.९१ युनिट प्रति मिलि. हा आकडा तुमच्या सब्स्ट्रेटच्या तीव्रतेवर अवलंबून आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रयोगशाळेच्या युनिटशी जुळवत बसू नका.

ट्रिप्सिन-नळीचं वाचन ०.४ च्या आसपास हवं. त्यापेक्षा फार खाली आलं तर पुढे जाऊ नका.

---

निफाडकर

छान लिहिलंत. इकडच्या थंडीसाठी एक भर. डिसेंबर-जानेवारीत सकाळी बाकावरचं तापमान बरंच खाली असतं, आणि १ मिलिमोलर बापना २५ अंशांखाली गेला की सुया होऊन खाली बसतो. डोळ्यांना आधी दिसतही नाही, द्रावण जरा धुरकट होतं एवढंच. मग होतं काय, पहिल्या दहा नळ्यांना पूर्ण सब्स्ट्रेट मिळतो आणि शेवटच्या नळ्यांना कमी. कमी सब्स्ट्रेट म्हणजे कमी रंग, म्हणजे 'अवरोध जास्त'. मधुमेही शेवटी लावले असतील तर त्यांची क्रिया आपोआप वाढलेली दिसते!

उपाय सोपा. बापनाची बाटली वॉटर बाथमध्येच ठेवा, पिपेटची टीपसुद्धा कोमट असू द्या आणि रुग्ण व निरोगी आलटूनपालटून लावा. ट्रिप्सिन-नळी सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, अशी तीनदा घ्या. तिन्हींत ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर तो दिवस बाद.

वीज गेली की उणे २० चा फ्रीझर किती तग धरतो हेही बघून ठेवा. नमुने ५०० मायक्रोलिटरच्या लहान लहान भागांत गोठवा, म्हणजे एकदा वितळवलेला भाग पुन्हा गोठवावा लागत नाही.

---

ओपीडी_पंचवटी

क्लिनिककडून दोन प्रश्न. १) नळी कोणती? साखरेसाठी करड्या टोपणाची नळी घेतोच, त्यातलं उरलेलं चालेल का? २) कोणाला वगळायचं?

---

गोदाकाठ

करड्या टोपणाची अजिबात नको. त्यात फ्लोराइडसोबत ऑक्सलेट असतं. ऑक्सलेट कॅल्शियम धरून ठेवतं, आणि क्षारांमुळे पेशींतलं पाणी बाहेर येऊन प्लाझ्मा पातळ होतो तो वेगळाच. जांभळी नको, ईडीटीए कॅल्शियम पळवतं. हिरवी नको, हेपरिनने अँटिथ्रॉम्बिन चेकाळतं. ट्रिप्सिनसाठी लाल किंवा पिवळ्या टोपणाची, म्हणजे सीरम. अर्धा तास गोठू द्या, तासाभरात वेगळं करा. आणखी एक सापळा आहे तो ॲप्रोटिनिनचा. ग्लुकागॉनसारख्या हॉर्मोनच्या चाचण्यांसाठी काही नळ्यांत ते घातलेलं असतं. ते स्वतःच कडक ट्रिप्सिनरोधक, त्या नळीतलं सीरम आलं तर १०० टक्के अवरोध!

अँटिथ्रॉम्बिन मोजायचं असेल तर ३.२ टक्के सिट्रेट, फिकट निळी, नऊ भाग रक्ताला एक भाग सिट्रेट, रेघेपर्यंत भरलेली. सीरम इथे चालत नाही, कारण गोठताना अँटिथ्रॉम्बिन खर्च होतं. पीएआय-१ साठी प्लेटलेट काढून टाकलेला प्लाझ्मा लागतो, कारण प्लेटलेटमध्येच त्याचा साठा असतो. नमुन्याची वेळही सगळ्यांची सारखी हवी. पीएआय-१ सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दुपारपर्यंत उतरतं. रुग्ण सकाळी उपाशीपोटी आणि कर्मचारी दुपारी चहानंतर, असं केलंत तर फरक घड्याळाचा निघेल.

वगळण्याबाबत: सीआरपी (रक्तातला दाहाचा निर्देशक) सगळ्यांचं मोजाच. एएटी दाहात तिप्पट-चौपट होऊ शकतं. सर्दी-खोकला, दाताचं दुखणं, पायाची जखम, नुकतीच शस्त्रक्रिया, हे सगळे बाहेर. गर्भवती आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाहेर, इस्ट्रोजेनने एएटी वाढतं. यकृताचा आजार बाहेर. धूम्रपान करणारे एक तर बाहेर किंवा त्यांचा वेगळा गट.

मूत्रपिंडाचं मात्र बारकाईने बघा. लघवीतून प्रथिन जात असेल तर ५२ किलोडाल्टनचं एएटी अल्ब्युमिनसोबत निसटतं, ७२० किलोडाल्टनचं मॅक्रोग्लोब्युलिन आतच राहतं आणि उलट वाढतं. म्हणून यूएसीआर (लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं गुणोत्तर) हवाच. ३० मिग्रॅ प्रति ग्रॅमच्या खालचे एका गटात, वरचे दुसऱ्या गटात. हे न करता 'मधुमेहात एएटी कमी' असं लिहिलं तर ते कदाचित मूत्रपिंडाबद्दलचं विधान असेल.

---

सेरीन१९५

ट्रिप्सिनवर एवढा भर कशाला, हेच मला पटत नाही.

एएटीच्या क्रियाकेंद्रात ३५८ व्या जागी मिथिओनिन आहे. त्याचं ऑक्सिडेशन झालं की इलास्टेज आवरायची ताकद जवळजवळ जाते, पण ट्रिप्सिन आवरायची बरीचशी शिल्लक राहते. सिनॉप्सिसमध्ये प्रत्येक जण 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसमुळे इनहिबिटर निकामी होतो' असं गृहीतक मांडतो आणि मोजतो ट्रिप्सिनने, म्हणजे ज्या बिघाडाबद्दल बोलायचं तोच या चाचणीला दिसत नाही! ऑक्सिडेशन हा मुद्दा असेल तर डुकराच्या स्वादुपिंडाचं इलास्टेज घ्या, सब्स्ट्रेट सक्सिनिल-त्रिॲलानिन-पी-नायट्रोॲनिलाइड. रंग तोच, ४१० वरच वाचता येतो, यंत्र बदलावं लागत नाही.

---

गोदाकाठ

मुद्दा शंभर टक्के मान्य. पण इलास्टेज महाग पडतं आणि काचेला, प्लास्टिकला चिकटतं. त्याचं पातळ द्रावण तासभर तसंच ठेवलं तर ताकद दिसेल इतकी घटते. मी असं सुचवेन: सगळ्या नमुन्यांवर ट्रिप्सिन आणि प्रत्येक गटातल्या काही नमुन्यांवर इलास्टेज. दोन्हींचं गुणोत्तर बघा. ट्रिप्सिनची क्रिया टिकून इलास्टेजची घसरली असेल तर ऑक्सिडेशनचा संशय घ्यायला जागा आहे. दोन्ही सारख्याच घसरल्या आणि प्रमाण तेवढंच असेल तर दुसरं काही, ग्लायकेशनसुद्धा (म्हणजे प्रथिनाला साखर चिकटणं).

---

सेरीन१९५

हे चालेल. मात्र ते 'काही नमुने' चिठ्ठ्या टाकून निवडा, ट्रिप्सिनचे आकडे बघून नव्हे. आणि इलास्टेजच्या बफरमध्ये ०.०१ टक्का ट्रायटन घाला, चिकटणं कमी होतं.

---

पिपेटवाला

प्रमाण आणि क्रिया यांची सांगड कशी घालायची ते अजून कोणी लिहिलं नाही.

प्रमाण इम्युनोटर्बिडिमेट्रीने किंवा नेफेलोमेट्रीने मोजा. जिथे यंत्र नाही तिथे रेडियल इम्युनोडिफ्युजनच्या प्लेटवरही होतं, फक्त वर्तुळ पूर्ण व्हायला दोनेक दिवस थांबायची तयारी हवी. अँटिबॉडीला रेणू जिवंत आहे की निकामी, हे कळत नाही. इलास्टेजला चिकटून बसलेला, मधोमध तुटलेला, सगळेच मोजले जातात. म्हणूनच हे मोजमाप क्रियेच्या शेजारी ठेवायचं.

आता मोलांत उतरवा. एएटी १.३ ग्रॅम प्रति लिटर असेल तर ५२,००० ने भागून २५ मायक्रोमोलर. आपल्या नळीत ५ मायक्रोलिटर सीरम, म्हणजे १२५ पिकोमोल. एकास एक या हिशेबाने ते १२५ पिकोमोल ट्रिप्सिन बांधेल. ट्रिप्सिन २३,३०० चं, म्हणजे २.९ मायक्रोग्रॅम. नळीत वजनाने १० मायक्रोग्रॅम ट्रिप्सिन आहे, पण बाटलीतलं सगळं जिवंत नसतं. समजा ७० टक्के जिवंत, तर ७ मायक्रोग्रॅम. २.९ ÷ ७ = ४१ टक्के अवरोध. वरच्या उदाहरणात ४० टक्के आला होता, म्हणजे त्या सीरममधलं एएटी जवळजवळ पूर्ण कामाचं.

ते ७० टक्के अंदाजाने लिहू नका, टायट्रेशन करा. नायट्रोफिनाइल-ग्वानिडिनोबेंझोएट, म्हणजे एनपीजीबी, ट्रिप्सिनच्या जिवंत क्रियाकेंद्रालाच एकदा चिकटतं आणि तेवढंच नायट्रोफिनॉल सुटतं. १९६७ पासूनची पद्धत आहे, अजून उत्तम चालते. दर नव्या बाटलीला एकदा करा. तेव्हाच 'क्रियाशील अंश' हा आकडा काढता येतो: बांधलेले ट्रिप्सिनचे पिकोमोल भागिले एएटीचे पिकोमोल. प्रबंधात तुलना करायची ती या आकड्याची.

---

मोजपट्टी

बापनाऐवजी केसिनने, म्हणजे दुधातल्या प्रथिनाने, केलं तर? बऱ्याच जुन्या प्रबंधांत केसिन आणि टीसीए (ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड) आहे.

---

सेरीन१९५

केसिनने दुसरंच काही मोजलं जातं. मॅक्रोग्लोब्युलिनने पिंजऱ्यात धरलेलं ट्रिप्सिन जिवंतच असतं. बापना छोटा, तो आत शिरतो आणि तुटतो, म्हणून त्या ट्रिप्सिनवर अवरोध दिसत नाही. केसिन मोठं, ते पिंजऱ्यात नीट पोचत नाही, म्हणून तिथे मॅक्रोग्लोब्युलिन इनहिबिटर म्हणून मोजलं जातं. एकच सीरम, दोन पद्धती, दोन उत्तरं. मधुमेहात मॅक्रोग्लोब्युलिन वाढल्याचे अहवाल बरेच आहेत, त्यामुळे केसिन वापरणाऱ्याला 'क्रिया वाढली' आणि बापना वापरणाऱ्याला 'क्रिया घटली' दिसू शकतं. दोघंही खोटं बोलत नाहीत.

याच गुणाचा फायदा घेऊन मॅक्रोग्लोब्युलिन वेगळं मोजता येतं. सीरममध्ये ट्रिप्सिन भरपूर टाका, ५ मिनिटं थांबा, मग सोयाबीनचा ट्रिप्सिन इनहिबिटर जास्तीचा टाका. तो साधारण २० किलोडाल्टनचा, बाहेर मोकळं असलेलं सगळं ट्रिप्सिन गारद करतो, पण पिंजऱ्यात जाऊ शकत नाही. नंतर बापना टाकल्यावर जो रंग येतो तो फक्त पिंजऱ्यातल्या ट्रिप्सिनचा. लहान मुलांत मॅक्रोग्लोब्युलिन मोठ्यांपेक्षा बरंच जास्त असतं, म्हणून टाइप १ च्या मुलांची तुलना त्याच वयाच्या मुलांशीच करा.

---

शरणपूर_रोड

तज्ज्ञांना साधे प्रश्न. मधुमेहाच्या ग्लिप्टिन गोळ्याही प्रोटीएज इनहिबिटरच ना? त्यांनी चाचणी बिघडते का? एचआयव्हीच्या प्रोटीएज इनहिबिटरने साखर वाढते म्हणतात, तो याच्याशीच संबंधित प्रकार आहे का? आणि कच्च्या कारल्याच्या बियांत ट्रिप्सिन इनहिबिटर असतो, तो खाऊन रक्तातला वाढतो का?

---

ओपीडी_पंचवटी

ग्लिप्टिन डीपीपी-४ ला अडवतात. तेही सेरीन जातीचंच एन्झाइम, पण रचना वेगळी. ट्रिप्सिन-बापनावर नेहमीच्या मात्रेचा परिणाम होत नाही. गोळ्यांची नोंद तरी ठेवा, कारण मेटफॉर्मिनने पीएआय-१ उतरतं.

एचआयव्हीची औषधं विषाणूच्या ॲस्पार्टिल प्रोटीएजवर चालतात. इंडिनाविरसारख्या जुन्या औषधांनी साखर वाढते ती मुख्यतः पेशीत ग्लुकोज नेणाऱ्या ग्लुट-४ वाहकाला अडथळा झाल्यामुळे. या धाग्याशी त्याचा फक्त नावापुरता संबंध.

कारल्याच्या बिया, कच्चं सोयाबीन, वाल, हुलगे, सगळ्यांत ट्रिप्सिन इनहिबिटर असतात. ते आतड्यात चालतात आणि प्रथिनांचं पचन बिघडवतात. रक्तातलं एएटी यकृतात बनतं, बियांतून येत नाही. कुकरच्या शिट्ट्यांनी बियांतले बहुतेक निकामी होतात आणि ते झालेलंच बरं.

---

मोजपट्टी

रुग्णांनी ही तपासणी करून घ्यावी का? बाहेरच्या लॅबच्या यादीत 'ए१एटी' दिसतं.

---

ओपीडी_पंचवटी

मधुमेहासाठी नाही. कमी वयात फुप्फुसाचा एम्फिसिमा, कारण न सापडणारा यकृताचा आजार, अशा ठिकाणी ती मागवतात, आणि तिथेही प्रमाण मोजतात, क्रिया नव्हे. मधुमेहीचे पैसे एचबीए१सी, यूएसीआर, डोळ्यांचा पडदा आणि पायाची संवेदना यांवर खर्च व्हावेत. नव्याने निदान झालेल्या टाइप १ मध्ये एएटी शिरेतून देऊन बघण्याचे प्रयोग परदेशात झाले, पण मधुमेहावरचा उपचार म्हणून त्याला मान्यता मिळालेली नाही. कोणी विकत असेल तर दूर राहा.

---

निफाडकर

एचबीए१सीवरून आठवलं. बहुतेक प्रबंधांत क्रियेचा आलेख एचबीए१सीशी काढतात आणि 'सहसंबंध नाही' म्हणून सोडून देतात. मुळात जोडीच चुकीची आहे. एचबीए१सी मागच्या ८ ते १२ आठवड्यांची साखर सांगतो. एएटीचं अर्धायुष्य ४ ते ५ दिवस, म्हणजे आज रक्तात असलेल्या रेणूंनी जेमतेम आठवडाभराचीच साखर बघितलेली असते. फ्रुक्टोसामिन दोन ते तीन आठवड्यांचं चित्र देतं, ते जास्त जवळचं. त्याहून चांगलं म्हणजे आठवडाभराच्या ग्लुकोमीटरच्या नोंदी.

आणि नमुने सुरगाणा, पेठ, कळवण या बाजूचे असतील तर सिकलसेलची चाचणी आधी. वाहक असले तरी काही पद्धतींत एचबीए१सी चुकीचा येतो, आणि प्रत्यक्ष आजार असेल तर लाल पेशी लवकर मरतात म्हणून तो खोटा कमी येतो.

---

सेरीन१९५

सहमत. त्याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट म्हणजे नळीतलं ग्लायकेशन. काही जण ५०० मिलिमोलर ग्लुकोजमध्ये एएटी ठेवून 'क्रिया घटली' दाखवतात. ५०० मिलिमोलर म्हणजे ९००० मिग्रॅ प्रति डेसिलिटर, असा रुग्ण जगात नाही. ५, १५ आणि ३० मिलिमोलर घ्या, म्हणजे ९०, २७० आणि ५४०. ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा, ०.०२ टक्के सोडियम ॲझाइड घाला, नाहीतर जंतूंचेच प्रोटीएज मोजत बसाल. ३७ अंशांवर ७ दिवस. ग्लुकोज नसलेली नळीही शेजारी ७ दिवस ठेवायचीच, कारण एएटी नुसत्या उबेनेही थोडं थोडं मरतं. शेवटी डायलिसिस करून मगच क्रिया मोजा. आणि आम्ल लावू नका. पीएच ५ च्या खाली एएटी बसतंच.

अँटिथ्रॉम्बिनबाबत ग्लायकेशनचा पुरावा जुना आणि बऱ्यापैकी भक्कम आहे. ब्राउनली, व्लासारा, सेरामी यांनी १९८४ मध्ये दाखवलं की साखर चिकटलेलं अँटिथ्रॉम्बिन थ्रॉम्बिनला कमी आवरतं. ज्यांना स्वच्छ प्रश्न हवा त्यांनी तिकडे वळावं, असं माझं मत.

---

मोजपट्टी

संख्येचं काय? सगळे ३० विरुद्ध ३० करतात.

---

पिपेटवाला

८० टक्के पॉवर आणि ५ टक्के सिग्निफिकन्स धरून ३०-३० मध्ये साधारण पाऊण एसडीएवढा (एसडी म्हणजे प्रमाण विचलन) किंवा त्याहून मोठा फरकच पकडता येतो. अर्ध्या एसडीचा फरक पकडायला प्रत्येक गटात ६४ लागतात. वर सांगितल्याप्रमाणे यूएसीआरचे दोन गट केले तर तीन गट झाले, म्हणजे १९२. त्यात सीआरपीमुळे गळणारे धरा. गाइड कुरकुरतील, पण ३० घेऊन 'फरक नाही' लिहिण्यापेक्षा हे बरं. ६४ जमणारच नसतील तर गट कमी करा. मूत्रपिंड चांगलं असलेले मधुमेही आणि निरोगी, एवढेच दोन.

---

शरणपूर_रोड

एक अडलेला नमुना-तक्ता. ट्रिप्सिन-नळी ०.२२, निरोगी लोकांचा अवरोध ७२ ते ८०, मधुमेहींचा ७४ ते ९६ टक्के. मधुमेहींत क्रिया जास्त, असा निष्कर्ष काढावा का?

---

पिपेटवाला

काढू नका. ०.४ च्या जागी ०.२२ म्हणजे ट्रिप्सिन जवळजवळ अर्धं मेलेलं आहे. नळीत साधारण ३.९ मायक्रोग्रॅमच जिवंत उरलं आणि सीरममधलं एएटी २.९ बांधतंय, म्हणून निरोगी माणसाचाही आकडा ७५ च्या घरात. वरच्या टोकाला चाचणी आंधळी होते. ९६ टक्क्यांच्या नळीत इनहिबिटर किती शिल्लक राहिला हे तिथे कळतच नाही. अवरोध ३० ते ६० टक्क्यांत बसला पाहिजे.

नवीन बाटली, नवं टायट्रेशन. मग प्रत्येक गटातले पाच नमुने १००, १५० आणि २०० पट अशा तीन पातळ्यांवर लावा. तिन्ही पातळ्यांवरून काढलेलं युनिट प्रति मिलि १० टक्क्यांच्या आत जुळलं तर पद्धत रेषेत आहे. जुळलं नाही तर ज्या पातळीपासून पुढे जुळतं ती पक्की करा. ९० च्या वरचे जे मधुमेही आहेत त्यांचं सीआरपी काढून बघा, त्यातले काही दाहामुळे वर गेलेले असू शकतात. उरलेलं सीरम गोठवलेलं असेल तर सगळे नमुने पुन्हा लावता येतील, फक्त किती वेळा वितळलं ते आधी वहीत बघा.

---

शरणपूर_रोड

एकदाच वितळलंय, भाग वेगळे केलेले आहेत. ट्रिप्सिनचा स्टॉक मात्र बफरमध्येच बनवून आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवलेला होता.

---

सेरीन१९५

मग कारण सापडलं. पीएच ८ ला ट्रिप्सिन स्वतःलाच खातं. स्टॉक १ मिलिमोलर आम्लात, १०० मायक्रोलिटरचे भाग करून उणे २० ला, आणि एक भाग एकाच दिवसासाठी.